जनावरावर गोळी झाडण्याआधी नेमबाजीची परीक्षा हवी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंजवर, गावाकडे, आणि हल्ली बिबट्याची बातमी आली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी पुण्यात राहतो, रायफल नेमबाजी करतो आणि घरची शेती भोर तालुक्यात आहे, त्यामुळे बंदूक धरणारेही ओळखीचे आणि पीक गेलं म्हणून रडकुंडीला आलेलेही घरचेच. माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याला जिवंत जनावरावर गोळी झाडायची परवानगी द्यायची त्याची आधी परीक्षा घेतलीच पाहिजे, आणि दरवर्षी घेतली पाहिजे. नेम चुकला तर त्याची किंमत बंदूकवाला देत नसतो, ती जनावर देतं नाहीतर पलीकडच्या बांधावर उभा असलेला माणूस देतो.

भारतात शिकार बंद आहे ना? मग परीक्षा घ्यायची कोणाची?

बंदच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 ने शिकारीवर बंदी आहे, आणि हौसेखातर शिकार करायचं लायसन असा प्रकार आपल्याकडे मिळतच नाही, कितीही पैसे मोजले तरी. पण त्याच कायद्यात कलम 11 आहे. वाघ बिबट्यासारखं अनुसूची 1 मधलं (म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतलं) जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं, किंवा बरं होण्यापलीकडे जखमी वा आजारी असलं, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारण देऊन त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. अनुसूची 2 मधल्या जनावरांसाठी उभ्या पिकाचं नुकसान हे कारणही चालतं, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय दोन्ही अनुसूची 2 मध्ये आहेत. शिवाय कलम 62 खाली केंद्र सरकार एखाद्या भागात एखादं जनावर काही काळासाठी उपद्रवी जाहीर करू शकतं.

म्हणजे गोळ्या झाडल्या जातात, कायदेशीरपणे जातात. 2016 च्या जूनमध्ये बिहारच्या मोकामा भागात हैदराबादहून शूटर आणून दोनशेच्या वर नीलगाई मारल्या. केरळमध्ये 2022 पासून पंचायतीच्या अध्यक्षांनाच मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिलेत, ते लायसनवाल्या शूटरकडून रानडुक्कर मारून घेऊ शकतात. आता कलम 11 परत वाचा, त्यात कारण लिहायला सांगितलंय, अधिकारी कोण ते सांगितलंय, पण गोळी झाडणाऱ्याचा नेम कसा आहे हे तपासायची अट कुठेच नाही. मी जी परीक्षा म्हणतोय ती इथे हवी आहे.

पण बंदुकीचं लायसन काढताना ट्रेनिंग लागतंच की?

लागतं. शस्त्र नियम 2016 मध्ये ती चांगली सुधारणा झाली, अर्जासोबत एस-1 नमुन्यातलं प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. बंदूक सुरक्षित कशी हाताळायची, घरात कुठे आणि कशी ठेवायची, न्यायची कशी, गोळी झाडायची पद्धत काय, हे त्यात शिकवतात. उत्तम आहे, कोणी टाळू नये. पण तो सुरक्षेचा कोर्स आहे, इतक्या मीटरवरून इतक्या वर्तुळात इतक्या गोळ्या लागल्याच पाहिजेत अशी परीक्षा ती नव्हे.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पुणे शहरात लायसन पोलीस आयुक्तालयातून मिळतं, पिंपरी चिंचवडला तिथल्या आयुक्तालयातून, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. हे लायसन बंदूक बाळगायचं आहे. जनावर मारायची परवानगी वनखात्याची असते. दोन खाती, दोन वेगळे कागद, आणि मधे जी मोकळी जागा राहते तिथे नेमाचं कोणी बघत नाही, पोलिसांना वाटतं ते वनखात्याचं काम आणि वनखात्याला वाटतं लायसन आहे म्हणजे येत असेल.

बाहेरच्या देशांत अशी परीक्षा खरंच असते का?

असते, आणि वाचल्यावर आपल्याला लाज वाटावी इतकी साधी सरळ असते. नॉर्वेत मोठ्या जनावराची शिकार करायची तर दरवर्षी परीक्षा, 100 मीटरवर जनावराचं चित्र, 5 गोळ्या, पाचही 30 सेंटीमीटरच्या वर्तुळात गेल्या पाहिजेत, चार गेल्या तर नापास. फिनलंडमध्ये 75 मीटरवरून 4 गोळ्या, एल्क आणि हरणासाठी वर्तुळ 23 सेंटीमीटरचं, अस्वलासाठी 17 सेंटीमीटरचं, आणि पास झालात की ते 3 वर्षं चालतं.  जर्मनीत शिकारीची परीक्षा लेखी, तोंडी आणि नेमबाजी अशी मिळून असते आणि त्यातली नेमबाजी गेली तर बाकी कितीही मार्क असले तरी उपयोग नाही, शिवाय बऱ्याच राज्यांत हाक्याच्या (जनावरं हाकून पुढ्यात आणायच्या) शिकारीला यायचं तर अलीकडच्या सरावाचा दाखला दाखवावा लागतो. स्वीडनमध्ये 1985 पासून शिकाऱ्याची परीक्षा आहे, तिच्यातही प्रत्यक्ष गोळ्या झाडाव्या लागतात.

सगळीकडे तसं नाही हेही सांगतो. इंग्लंडमध्ये हरीण मारण्यासाठी नेमबाजीची सक्तीची परीक्षा नाही, स्वेच्छेने घ्यायचं सर्टिफिकेट आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 1949 मध्ये शिकाऱ्यांचा कोर्स सक्तीचा केला आणि मग बाकी राज्यं त्या वाटेने गेली, पण तिथे भर सुरक्षेवर आहे, नेमाचे मार्क बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. म्हणजे जगाचं एकमत आहे असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. मला नॉर्वे फिनलंडचं पटतं.

100 मीटरवर 30 सेंटीमीटर म्हणजे केवढं मोठं वर्तुळ! त्यात काय अवघड?

रेंजवर पालथं पडून, खांद्याला पट्टा आवळून, वारा नसताना, काही अवघड नाही. स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, त्या टार्गेटचा दहाचा गोल 10.4 मिलीमीटरचा असतो. त्या हिशोबाने 30 सेंटीमीटर म्हणजे मैदानच. पण परीक्षा ऑलिम्पिकवाल्यांसाठी नाहीच. जो वर्षभर बंदूक कपाटात ठेवतो आणि भुईमुगात डुकरं आली की बाहेर काढतो त्याच्यासाठी आहे, आणि अशा माणसाला पाचपैकी पाच लावायला सांगा, मग कळेल.

आणि ते वर्तुळ काय आहे ते समजून घ्या. जनावर एवढं मोठं दिसतं पण लवकर मरायचं तर गोळी काळजात किंवा फुफ्फुसात गेली पाहिजे, तेवढा भाग म्हणजे ते वर्तुळ. तिथे लागली तरी जनावर लगेच पडेलच असं नाही, पन्नास शंभर मीटर पळून मग पडतं. पोटात लागली तर तासन् तास, कधी रात्रभर, उसात नाहीतर करवंदीच्या जाळीत पडून मरतं. जबड्याला लागली तर खाता येत नाही, उपाशी मरतं. पाय मोडला तर तसंच लंगडत फिरतं. बघणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की बार झाला आणि डुक्कर पळालं, मग म्हणतात चुकला. कित्येकदा चुकलेला नसतो, लागलेला असतो, नको तिथे.

रानडुकराचं तर आणखी अवघड आहे. त्याचं काळीज खूप खाली आणि पुढे, पुढच्या पायांच्या मधे असतं. पाठीवरचे राठ केस उभे राहिले की अंग आहे त्यापेक्षा उंच दिसतं, त्यामुळे नवखा माणूस हमखास वर मारतो. गोळी मणक्याच्या वरच्या टोकाला चाटून गेली की डुक्कर जागेवर कोसळतं, लोक ओरडत पुढे धावतात, आणि ते उठून निघून जातं किंवा समोरच्यावर येतं. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट जाड थर असतो, लांबून मारलेले छर्रे तिथे अडकतात. हे ज्याला माहीत नाही त्याने बंदूक रोखायचीच कशाला?

आमच्या आजोबांनी कधी परीक्षा दिली नाही, त्यांचा एक बार फुकट जात नव्हता.

असतील चांगले नेमबाज, मी नाही म्हणत नाही. पण आठवणीत राहतात ते लागलेले बार, जखमी होऊन पळालेल्यांची कोणी वही ठेवली नव्हती. आणि आजोबा रोज रानात होते, त्यांना जनावराची चाल माहीत होती, कुठून येणार कुठे वळणार हे माहीत होतं. आपण हिंजवडीला नोकरी करून शनिवारी गावाला जातो. त्यांचा अनुभव आपल्याला वारशाने मिळत नाही, लायसन नावावर करून घेता येतं तेवढंच.

जखमी जनावर राहिलं तर इतकं काय बिघडतं, शेवटी मारायचंच होतं ना?

पहिली गोष्ट, मारायची परवानगी म्हणजे हाल करायची परवानगी नव्हे. ज्याच्यामुळे आपल्या घरचं भात गेलं त्या डुकरालासुद्धा एका गोळीत मरण्याचा हक्क आहे असं मी मानतो, आणि हे मी पिकाचं नुकसान स्वतः बघून म्हणतोय.

दुसरी गोष्ट माणसांची. 1907 मध्ये कुमाऊँत जी चंपावतची वाघीण मारली गेली, जिच्या नावावर 436 माणसांचे बळी सांगितले जातात, तिचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते आणि ते जुन्या गोळीने मोडल्याचं तेव्हाच नोंदवलं गेलं. नेहमीची शिकार तिला धरता येईना म्हणून ती माणसावर आली. कोणाची तरी एक चुकीची गोळी आणि पुढची कितीतरी वर्षं गावंच्या गावं दाराला कडी लावून बसली. आपल्याकडे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसात बिबट्या राहतो, तिथे कोणी हौसेने छर्रे मारून बिबट्या जखमी केला तर त्याचा त्रास मारणाऱ्याला नाही, शेजारच्या वस्तीवरच्या ऊसतोड कामगाराच्या पोराला होतो.

म्हणून माग काढणं हा परीक्षेचाच भाग पाहिजे. जर्मनीत गोळी लागलेलं जनावर शोधणं ही शिकाऱ्याची जबाबदारीच आहे, त्यासाठी खास शिकवलेली कुत्री असतात. रक्त गडद आहे की फेसाळ, केस कुठले पडलेत, किती वेळ थांबून मग निघायचं, अंधार झाला तर काय, हे सगळं शिकवता येतं. आपल्या डोंगराळ भागातल्या जुन्या माणसांना हे येतं, त्यांनाच शिकवायला बोलवा आणि मानधन द्या.

परीक्षेने जखमी जनावरांचं प्रमाण कमी होतं याला पुरावा काय?

हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे आणि इथे मी वाढवून सांगणार नाही. डेन्मार्कमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गुलाबी पायांच्या रानहंसांना पकडून त्यांचे एक्स-रे काढले, तर पूर्ण वाढ झालेल्या पक्ष्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पक्षी अंगात छर्रे घेऊन उडत होते. विचार करा, जे मेले ते वेगळेच, हे जगलेले. तो आकडा बघून शिकाऱ्यांची संघटना आणि सरकार दोघंही हादरले, 1997 मध्ये योजना आखली, त्यात सगळ्यात मोठा भर होता लांबून मारू नका, अंतर ओळखायला शिका, सराव करा यावर. पुढच्या वर्षांत छर्रे असलेल्या पक्ष्यांचं प्रमाण बरंच खाली आलं.

आता हे श्रेय एकट्या परीक्षेचं नाही. सराव, अंतराचा नियम, आणि शिकाऱ्यांनी स्वतः मनावर घेणं, सगळं मिळून झालं. पण मला त्यातून एक गोष्ट पक्की कळली की बहुतेक जनावरं हात थरथरल्यामुळे कमी आणि लांबून मारल्यामुळे जास्त जखमी होतात, म्हणजे माणसाला आपली मर्यादा माहीत नसते. मग परीक्षा अशी पाहिजे जी त्याला त्याची मर्यादा दाखवेल.

मग तुमच्या मते परीक्षा कशी असावी?

स्वतःची बंदूक, आणि शेतात वापरणार त्याच प्रकारची काडतुसं. रेंजवरची उसनी भारी रायफल घेऊन पास व्हायचं आणि शेतात पंचवीस वर्षं जुनी बाराबोअर (छर्ऱ्यांची बंदूक) वापरायची हे चालणार नाही. आधी 25 मीटरवरून सुरुवात, मग 40, मग 60, जिथपर्यंत सगळ्या गोळ्या वर्तुळात जातात तिथपर्यंत, आणि जिथे पहिली बाहेर गेली तिथे थांबायचं. सर्टिफिकेटवर पास नापास न लिहिता अंतर लिहायचं. या माणसाला या बंदुकीने इतक्या मीटरपर्यंतच परवानगी. वनखात्याच्या परवानगीतही तेच अंतर. मला वाटतं ही एक गोष्ट केली तरी निम्मं काम होईल, कारण मग माणूस रानात गेल्यावर स्वतःलाच विचारतो की हे जनावर माझ्या अंतरात आहे का.

उभं राहून, बसून, झाडाला किंवा काठीला टेकवून, तिन्ही प्रकारे झाडायला लावा, कारण शेतात पालथं पडायला मिळत नाही. थोडं चालवून, दम लागलेला असताना पण झाडायला लावा. आणि एक भाग असा पाहिजे ज्यात गोळी न झाडण्याचे मार्क आहेत. समोर चित्रं येतील, पिल्लं असलेली डुकरीण, गावातलं कुत्रं, वाकून गवत कापणारी बाई, डोंगराच्या कडेवर उभं जनावर ज्याच्या मागे नुसतं आकाश आहे. जो यातल्या एकावरही घोडा दाबेल तो त्या वर्षी बाद, बाकी सगळ्या गोळ्या बरोबर मध्यात गेल्या असल्या तरी. साधी पॉइंट टू टू ची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते, मोठ्या रायफलची त्याहून कितीतरी लांब. मागे मातीचा बांध नसेल तर बार टाकायचा नाही, एवढं जरी हाडात मुरलं तरी खूप आहे. कोकणात अधूनमधून बातमी येते ना, शिकारीला गेलेल्याचा साथीदाराच्या गोळीने मृत्यू, झुडपात हललं ते डुक्कर समजून मारलं म्हणून. त्या शिकारी बहुतेक बेकायदेशीरच असतात, पण माणूस तसाच मरतो.

बाराबोअर, ठासणीची आणि रायफल, सगळ्यांना एकच परीक्षा?

नाही. रायफलची एक गोळी, ती कुठे गेली ते दिसतं. बाराबोअरमध्ये एलजी किंवा एसजी काडतूस घातलं तर मोजके मोठे छर्रे निघतात आणि अंतर वाढलं की पसरतात, मग एखादा पोटात, एखादा पायात, काळजात एकही नाही. त्यामुळे तिथे अंतराची मर्यादा खूपच कमी पाहिजे आणि कागदावर छर्रे कसे पसरतात ते प्रत्येकाने स्वतःच्या बंदुकीने बघायलाच पाहिजे. ठासणीची तर शेतीसंरक्षणासाठी म्हणून कायद्यात वेगळी नमूद केलेली आहे, शस्त्र कायदा 1959 च्या कलम 13 मध्ये. तिच्यात एक बार गेला की परत ठासेपर्यंत जनावर नाहीसं होतं, जखमी राहिलं तर दुसरी संधी नाही, म्हणून तिचं अंतर सगळ्यात कमी.

गरीब शेतकऱ्याला ही परीक्षा कशी परवडणार? काडतुसं काय भावाने मिळतात माहितेय का?

माहितेय, आणि हा आक्षेप मला खरंच टोचतो. सरावाला काडतुसं लागतात, ती महाग, परवान्यावर वर्षाला किती घ्यायची त्याला मर्यादा, निवडणूक लागली की आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा, ती सुटेपर्यंत हंगाम गेलेला. अशा माणसाला परत पुण्याला बोलवून फी घेऊन परीक्षा घेतली तर तो लायसनच सोडून देईल, आणि परवानगी फक्त फार्महाऊसवाल्यांकडे राहील. ते मला नकोच आहे.

म्हणून परीक्षेचा खर्च सरकारचा पाहिजे. गोळ्या रेंजवर मोजून फुकट द्या, तिथेच संपवा, घरी न्यायचा प्रश्न नाही. पोलिसांच्या फायरिंग रेंज आहेत, त्या वर्षातले काही रविवार उघडा. आपल्या शहरात तर कशाची कमी आहे, बालेवाडीला आंतरराष्ट्रीय रेंज आहे, खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी 1869 पासून आहे, अंजली भागवत इथे राहतात, देशभरातली पोरं पुण्यात नेमबाजी शिकायला येतात. एवढं शिकवणारं मनुष्यबळ असलेल्या जिल्ह्यात वेल्ह्याच्या शेतकऱ्याला नीट नेम धरायला शिकवणारा माणूस मिळू नये?

आणि शेतकऱ्याने स्वतःच मारलं पाहिजे असंही नाही. परीक्षा दिलेल्या शूटरची तालुकावार यादी असावी, अर्ज केला की वनरक्षकाने त्यातला माणूस घेऊन यावं. शेतकऱ्याला रात्रभर मचाणावर बसायची हौस नसते, त्याला पीक वाचायला हवं असतं.

परीक्षा कडक केली तर लोक गुपचूप फास आणि गावठी बॉम्ब लावतील, त्याचं काय?

लावतील ही भीती खरी आहे, आजही लावतात. पिठाच्या गोळ्यात बारूद घालून ठेवतात, डुक्कर चावलं की जबडा फुटतो, आणि तोच गोळा कुत्रं किंवा गाय पण चावते. कुंपणात थेट लाईट सोडतात आणि सकाळी शेजाऱ्याचाच मृतदेह सापडतो. हे सगळं परवानगी वेळेवर मिळत नाही म्हणून वाढतं. अर्ज केल्यावर वनखात्याने झटपट निर्णय दिला आणि तयार शूटर पाठवला तर फास लावायचं कारण कमी होतं. परीक्षा कडक पण परवानगी जलद, या दोन गोष्टी एकत्रच आल्या पाहिजेत, नुसती पहिली आणली तर आक्षेप घेणाऱ्यांचं बरोबर ठरेल.

वनखात्याच्या शूटरला पण परीक्षा?

त्यालाच सगळ्यात आधी. 2025 च्या ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात महिन्याभरात तीन जीव गेले, दोन लहान मुलं आणि एक म्हातारी, लोक रस्त्यावर उतरले, शेवटी बिबट्या मारायची परवानगी निघाली. आधी डार्ट (बेशुद्ध करायचं इंजेक्शन) मारला तो लागला नाही, बिबट्या अंगावर आला, आणि शूटरांनी गोळ्या झाडल्या. अशा वेळी रात्र असते, बॅटरीचा उजेड, मागे जमाव, आणि सेकंदांचा हिशोब. त्या जागेवर उभं राहणाऱ्याने दर वर्षी नव्हे, दर काही महिन्यांनी सराव दाखवला पाहिजे, आणि डार्ट मारणाऱ्याने तर त्याहून जास्त, कारण डार्ट हळू जातो, वाऱ्याने हलतो, अंतर थोडं चुकलं तरी खाली पडतो.

यवतमाळच्या अवनी वाघिणीच्या बाबतीत परीक्षेने काही फरक पडला असता?

मला नाही वाटत. 2 नोव्हेंबर 2018 ला ती वाघीण मारली गेली तेव्हा गोळी लागलीच होती. वाद झाला तो डार्ट आधी मारला होता का, रात्रीची वेळ का, पशुवैद्यक सोबत का नव्हता, गोळी झाडणाऱ्याला अधिकार होता का, यावर. नेमबाजीची परीक्षा नियम पाळायची सक्ती करू शकत नाही, त्यासाठी वेगळी चौकशी आणि वेगळी शिक्षा लागते. म्हणून परीक्षा आणली की सगळं सुटलं असं कोणी समजू नका.

मी बालेवाडीला रेंजवर शिकतोय, स्कोअर चांगला आहे. मी डुक्कर मारायला जाऊ शकतो का?

नाही. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय अजिबात नाही, स्कोअर कितीही असू दे. आणि परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असते, मटण घरी न्यायचा विषय नाही.

सुप्याच्या बाजूला मित्रांसोबत एकदा चिंकारा...

तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारा अनुसूची 1 मध्ये आहे, शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद आणि वर दंड. ही परीक्षा तुमच्यासाठी नाही. कोणी असं बोलत असेल तर वनखात्याला कळवा, मित्र असला तरी.

वय झालं, चष्मा लागला, आता काय?

लायसन 2019 च्या दुरुस्तीनंतर 5 वर्षांचं झालंय. पाच वर्षांत नजर किती बदलते ते चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही विचारा. मोतीबिंदू सुरू झाला की संध्याकाळच्या उजेडात फरक पडतो आणि डुकरं नेमकी त्याच वेळी येतात. दरवर्षी परीक्षा म्हणतोय ती यासाठीच. अंतर कमी झालं तर कमी लिहायचं, त्यात कमीपणा नाही.

मुळात मारायचंच कशाला? कुंपण घाला की.

मलाही आधी कुंपणच हवंय. सौर कुंपण जिथे नीट लावलं आणि खालचं गवत वेळेवर काढलं तिथे फरक पडतो, गावाने मिळून लावलं तर जास्तच. गोळी हा शेवटचा उपाय, आणि एक डुक्कर मारलं की कळप कायमचा जातो असंही होत नाही. पण काही ठिकाणी ती वेळ येते, माझ्या घरच्यांवर आलेली आहे, आणि ती आली की तिथे उभा राहणारा माणूस तयार असला पाहिजे.

आमच्या शेतात आत्ता डुकरं येतायत, आज काय करू?

महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन 1926, त्यावर फोन करून तक्रार नोंदवा. सकाळी पंचनाम्यासाठी वनरक्षकाला बोलवा, त्याआधी पिकाचे आणि खुरांच्या ठशांचे फोटो काढून ठेवा, उपटलेलं पीक हलवू नका. नुकसानभरपाईचा अर्ज आणि बंदोबस्ताचा अर्ज दोन्ही वेगवेगळे द्या, पोच घ्या. रात्री राखणीला एकट्याने जाऊ नका, अंधारात पिकात शिरू नका, आणि ज्याच्याकडे बंदूक आहे असा कोणी मी बघतो म्हणून पुढे आला तर त्याला आधी परवानगीचा कागद दाखवायला सांगा.